आडनावाविषयी माझे बदललेले मत

माझ्या सहीत आडनाव नाही. माझे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, एवढेच मी लिहिते. तरुणपणी घेतलेला हा निर्णय मी शिक्षिकेच्या नोकरीत पाळला आणि निवृत्तीनंतर खडवलीत राहतानाही पाळते आहे. इतकी वर्षे मी इतरांनाही तेच सांगत आले की आडनाव टाकून द्या. सभांमधून सांगितले, लग्नपत्रिका घेऊन आलेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगितले, बारशाला गेले तिथेही सांगितले. आता मी ते सांगणे थांबवले आहे. सही तशीच आहे, पण आडनावाबद्दल माझे मत बदलले आहे. ज्यांना मी एवढ्या आग्रहाने सांगत होते, त्यांच्यापुढे या बदलाची कारणे ठेवणे मला गरजेचे वाटते.

आधी माझी जुनी भूमिका मांडते, कारण तिच्यामागे पक्की कारणे होती. आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतर आडनाव विचारतात. ते सांगूनही समाधान झाले नाही तर 'म्हणजे कुठले?' हा पुढचा प्रश्न येतो. गाव विचारल्यासारखे वाटते, पण विचारायची असते जात. खडवलीसारख्या ठिकाणी हे फार जवळून दिसते. कल्याण तालुक्यातले, भातसा नदीकाठचे हे गाव. कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामधले स्टेशन. आगरी, कुणबी, कातकरी अशी इथली जुनी वस्ती, आणि लोकलने मुंबईला कामाला जाता येते म्हणून घाटावरून, कोकणातून, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली नवी वस्ती. अशा भागातल्या हजेरीपटावर एकच आडनाव अनेक घरांचे असते. पवार कातकरी वाडीवर आहेत, मराठ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. जाधवांचेही तसेच. भोईर आगऱ्यांत आहेत तसे कुणब्यांतही आहेत. वर्गात तीन पवार असले की आडनावावरून काहीच कळायला नको. तरी ऐकणारे ठरवायचेच. मुलाच्या पायांत चपला आहेत का, तो बोलतो कसा, राहतो गावात की वाडीवर, हे पाहून कोणता पवार 'आपला' ते ठरायचे. मुलांसमोर हे चालायचे आणि मुलांना ते कळायचे. म्हणून मी हजेरी नुसत्या नावाने घ्यायला लागले.

दुसरे कारण बाईपणाचे. माझे माहेरचे आडनाव गावावरून पडलेले, सासरचे जुन्या हुद्द्यावरून. लग्न झाले आणि शिधापत्रिकेवर, बँकेत, मतदारयादीत मी दुसरीच कोणीतरी झाले. माझ्या आईचे माहेरचे आडनाव मला माहीत होते, आजीचे नव्हते. ते विचारायचे सुचले तेव्हा सांगणारे कोणी उरले नव्हते. जी गोष्ट दर पिढीत अर्ध्या माणसांना पुसून टाकते ती जपायची कशाला, असे मला वाटायचे. आडनाव टाकले की जात विचारण्याचे एक साधन कमी होते आणि बाईला पुसण्याचे एक कारण कमी होते, असा माझा साधा हिशेब होता.

या हिशेबाला पहिला धक्का डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे बसला. त्यांच्या स्मृतिदिनानिमित्त इथल्या काही वाचकांपुढे बोलायचे होते म्हणून मी त्यांचे चरित्र नव्याने वाचायला घेतले. ठळक गोष्टी सर्वांना ठाऊक आहेत. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात. जपानने चीनवर आक्रमण केले होते आणि चीनमधून डॉक्टरांसाठी हाक आली होती. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबई बंदरातून निघाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कोलकात्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांत दोघे मराठी होते.

चीनमध्ये गेल्यावर या पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'ह्वा' होते, म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दीह्वा. चोळकरांचे झाले च्वो खह्वा. चिनी रीतीप्रमाणे आडनाव आधी येते. म्हणजे सोलापूरचे कोटणीस चीनमध्ये 'के' या आडनावाचे झाले आणि नागपूरचे चोळकर 'च्वो' आडनावाचे. नाव बनवण्याची पद्धत अगदी सरळ होती. परक्या नावाच्या सुरुवातीच्या आवाजाशी जुळणारे चिनी अक्षर घ्यायचे, एवढेच. पण ही अक्षरे सुटी, अर्थहीन नव्हती. 'के' आणि 'च्वो' ही दोन्ही चीनमधली खरी, जुनी आडनावे आहेत. सोंग राजवटीच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी, आडनावांची एक यादी पद्यात रचली गेली. 'शंभर कुळांची आडनावे' असे तिचे नाव असले तरी तिच्यात पाचशेहून अधिक आडनावे आहेत, आणि चिनी मुले शेकडो वर्षे ती पाठ करत आली. सुरुवात 'चाओ'ने होते, कारण तेव्हाच्या सम्राटाचे ते आडनाव होते. त्या यादीत के आहे आणि च्वोही आहे.

मग मला के या आडनावाचा मागोवा घ्यावासा वाटला. आडनाव टाकून देणाऱ्या बाईने दूरच्या देशातल्या एका आडनावाच्या मागे लागावे, ही गोष्ट मला स्वतःलाही नवी होती.

के आडनावाची एक परंपरा सांगते की यांगत्से नदीच्या मुखाजवळच्या प्राचीन वू राज्यात के-लू नावाचा राजपुत्र होता आणि त्याच्या वंशजांनी त्याच्या नावाचे पहिले अक्षर आडनाव म्हणून घेतले. वू राज्य इ. स. पूर्व ४७३ मध्ये शेजारच्या युए राज्याने जिंकून संपवले. त्या राजघराण्याचे मूळ कुळ 'ची', चौ राजांचे तेच कुळ. म्हणजे ही परंपरा मानली तर के लोक थेट राजवंशाचे. पण दुसरी गोष्टही तितकीच जुन्या नोंदीची आहे. उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातल्या शिएनपेई टोळ्यांनी चीनच्या उत्तर भागात राज्य स्थापले होते. त्यांच्या शिआओवेन सम्राटाने इ. स. ४९६ मध्ये हुकूम काढला की सगळ्यांनी आपली लांबलचक टोळीनावे सोडून चिनी धर्तीची आडनावे घ्यावीत. सम्राटाने स्वतःपासून सुरुवात केली. राजघराण्याचे 'थुओपा' जाऊन 'युआन' झाले. त्या राजवटीच्या इतिहासग्रंथात कोणाचे काय झाले याची यादीच आहे, आणि तिच्यात 'केपा' कुळ पुढे 'के' झाल्याची नोंद आहे. म्हणजे आजच्या के लोकांत दक्षिणेच्या राजपुत्राचे वंशज असतील तसे उत्तरेच्या घोडेस्वारांचेही असतील. कोण कुठला, हे आडनावावरून कोणीच सांगू शकत नाही.

पुढे हे आडनाव फूच्येन, क्वांगतोंग, चच्यांग या किनारी प्रांतांत वाढले, तिथून तैवानला आणि आग्नेय आशियात गेले. फूच्येनच्या बोलीत ते 'क्वा' उच्चारतात, म्हणून मलेशिया-सिंगापूरमधले 'क्वा' आणि बीजिंगमधले 'के' लिहायला एकच अक्षर वापरतात. पुढे आलेल्या युआन राजवटीच्या काळातले चित्रकार के च्यूस याच आडनावाचे. त्या काळाचा नवा इतिहास लिहिणारे के शाओमिन याच आडनावाचे. २०१७ मध्ये अल्फागो या संगणक प्रणालीशी सामना खेळलेला 'गो' खेळातला जगज्जेता के च्ये याच आडनावाचा. आणि याच आडनावाचा एक माणूस सोलापूरचा.

कोटणीसांनी हे नाव नुसते कागदापुरते ठेवले नाही. ते युद्धक्षेत्रात राहिले. वडील वारल्याची बातमी चीनमध्ये कळली तरी परतले नाहीत. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. चिनी भाषा शिकून त्याच भाषेत शिकवू लागले. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याच रुग्णालयातल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले इन्ह्वा. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. शाळेत आणि कागदोपत्री तो के इन्ह्वा होता. एका सोलापूरकर घराण्याच्या नातवाला आडनाव मिळाले ते चीनमधले. त्यानंतर चारच महिन्यांत, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉ. कोटणीस गेले. वय बत्तीस.

याच कथेत माझ्या दुसऱ्या आक्षेपाचेही एक उत्तर होते. क्वो छिंगलान लग्नाआधी क्वो होत्या, लग्नानंतर क्वो राहिल्या आणि २०१२ मध्ये गेल्या तेव्हाही क्वोच होत्या. चीनमध्ये बाई नवऱ्याचे आडनाव लावत नाही. १९५० च्या विवाह कायद्याने पती-पत्नी दोघांना आपापले आडनाव लावण्याचा हक्क लिहून दिला. चीनच्या अतिप्राचीन कुळनावांपैकी 'ची' आणि 'च्यांग' यांच्या चिन्हांत तर 'स्त्री' हे चिन्ह आहे. याचा अर्थ तिथे बायकांना न्याय मिळाला असा नाही. मुलांना नाव बापाचेच लागत राहिले आणि वंशग्रंथांत मुलींची नोंद होत नसे. कन्फ्यूशियसच्या घराण्याचा वंशग्रंथ जगातला सर्वांत लांब मानला जातो. त्यात स्त्रियांची नावे पहिल्यांदा आली ती २००९ च्या आवृत्तीत. पण मला एवढे दिसले की आडनाव असणे आणि बाईला पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्यांना एकच समजत होते. पुसणारी आहे ती नोंदीची रीत, आणि रीत बदलता येते. आपल्याकडेही ती बदलते आहे. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला आहे. मी ज्या सहीसाठी कचेऱ्यांतून भांडले तिचा अर्धा भाग आता नियम आहे.

जातीचा प्रश्न मात्र जास्त अवघड होता, आणि खरे मतांतर तिथेच झाले.

आडनाव म्हणजे रक्ताचा दाखला, असे जातीचा अभिमान बाळगणारे मानतात. आडनाव टाका म्हणणारी मीही, नकळत, तेच मानत होते. फरक इतकाच की त्यांना तो दाखला मिरवायचा होता आणि मला फाडायचा होता. के आडनावाचा इतिहास वाचल्यावर मी आपल्या आडनावांकडे पुन्हा पाहिले आणि हा दाखला मुळातच खोटा असल्याचे दिसले. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. पेशवे हा हुद्दा होता. नाना फडणवीसांचे घराणे भानूंचे. फडणवीस हेही पद. चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, कारखानीस आणि स्वतः कोटणीस, हे सगळे दरबारी लिखापढीचे हुद्दे, आणि त्यांच्या शेवटचा 'नीस' आला फारसीतून. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे लोक फुले म्हणू लागले. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून नवे आडनाव आले आणि पुढे ते आंबेडकर झाले. गावावरून पडलेली 'कर' आडनावे तर गाव सोडल्यावरच पडतात, कारण गावात राहणाऱ्या सगळ्यांनाच गावाचे नाव लावून उपयोग काय? ज्या आडनावाकडे आपण पाळेमुळे म्हणून पाहतो, ते बहुतेक वेळा कोणीतरी घर सोडल्याची नोंद असते.

चीनमध्येही हाच प्रकार. चाओ, छिन, सोंग, वू ही राज्यांची नावे. राज्य गेले तरी माणसांच्या अंगावर राहिली. 'समा' हा घोडदळाच्या अधिकाऱ्याचा हुद्दा, तो आडनाव झाला. थोर इतिहासकार समा छ्येन त्या आडनावाचे. थांग सम्राट पराक्रमी सरदारांना, अगदी परक्या टोळ्यांच्या प्रमुखांनाही, आपले 'ली' हे आडनाव बक्षीस देत. मिंग राजवटीच्या पडत्या काळात चंग छंगकोंग या समुद्री सरदाराला सम्राटाने आपले 'चू' आडनाव दिले आणि तो 'राजआडनावाचा धनी' म्हणून ओळखला गेला. युरोपीय लोकांनी त्या उपाधीचा उच्चार कॉक्सिंगा केला. आज चीनच्या लोकसंख्येत वांग, ली, चांग, ल्यू आणि छन या पाच आडनावांचेच लोक जवळपास तीस टक्के आहेत. चाळीस कोटींहून अधिक माणसे पाच पूर्वजांची संतती कशी असतील? ती शेकडो ठिकाणांहून, शेकडो कारणांनी त्या नावाखाली आलेली माणसे आहेत.

हे लक्षात आल्यावर वर्गातले तीन पवार मला पुन्हा आठवले. मी तेव्हा आडनाव लपवून त्यांचे रक्षण करू पाहत होते. त्याऐवजी मला वर्गात सांगता आले असते की धार आणि देवासच्या राजांचे आडनाव पवार आहे, कातकरी वाडीवरच्या मुलाचेही तेच आहे, आणि या नावावर दोघांपैकी कोणाचाही हक्क कमी नाही. आडनाव कसे पडले, कसे बदलले, कोणी दिले, कोणी घेतले, हे मुलांना शिकवले असते तर 'कुठला पवार?' या प्रश्नातले विष काही प्रमाणात तरी उतरले असते. आडनाव झाकल्याने तो प्रश्न गेला नाही. लोकांनी तो चपलांना विचारला, भाषेला विचारला, वाडीला विचारला. आज मी आडनाव सांगत नाही तरी इथे मला पहिल्या पाच मिनिटांत तोच प्रश्न वेगळ्या वाटेने विचारला जातो. अज्ञानावर उभ्या असलेल्या अभिमानाला माहितीच हलवू शकते, असे माझे आताचे मत आहे.

यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांचा एक आक्षेप आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. ज्याला आडनाव ऐकून भाड्याने घर नाकारले जाते, मुलाखतीत ज्याच्या नावापाशी नजर अडते, त्याला आडनावाचा इतिहास ऐकवून काय उपयोग? काहीही नाही. त्याला आडनाव टाकण्याचा, बदलण्याचा, राजपत्रात नवे छापून घेण्याचा पूर्ण हक्क आहे आणि त्या हक्कासाठी मी आजही त्याच्या बाजूने उभी राहीन. मागे मी म्हणत होते की सर्वांनी आडनाव टाकावे. आता म्हणते की ज्याला टाकायचे त्याने टाकावे, ज्याला ठेवायचे त्याने ठेवावे, पण दोघांनीही आधी ते जाणून घ्यावे. न वाचता फाडलेला कागद आणि न वाचता मिरवलेला कागद, दोन्हींचा इतिहास हातचा जातो. माझ्या आजीचे माहेर असेच गेले.

के आडनावाच्या सोलापुरी शाखेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. इन्ह्वाने वडिलांप्रमाणे वैद्यकाचे शिक्षण घ्यायला सुरुवात केली, पण १९६७ मध्ये, पंचविशीतच, तो वारला. रक्ताच्या हिशेबाने ती शाखा तिथे संपली. नावाच्या हिशेबाने संपली नाही. चीनने १९८२ मध्ये डॉ. कोटणीसांवर टपाल तिकिटे काढली, भारताने १९९३ मध्ये काढले. हपेई प्रांतातल्या शच्याच्वांग शहरात त्यांचे स्मारक आहे आणि के दीह्वा यांच्या नावाची वैद्यकीय शाळा आहे. तिथे शिकणारी मुले-मुली के आडनावाची नाहीत, सोलापूरशी त्यांचे नाते नाही; तरी ते नाव ती सांगतात. वंश चालवणे म्हणजे काय, याचा अर्थ मला या शाळेकडे पाहून जास्त स्पष्ट झाला.

आता माझी एक विनंती आहे, खडवलीतल्या, वासिंद-टिटवाळ्याच्या आणि या ओळी वाचणाऱ्या सगळ्या घरांना. येत्या सुट्टीत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आपले आडनाव कुठून आले, गावावरून, धंद्यावरून, हुद्द्यावरून की शाळेत किंवा कचेरीत कोणी लिहून दिले, त्याआधी काय होते, कोणत्या गावाहून आपण आलो, हे विचारा. आईचे, आजीचे, पणजीचे माहेरचे आडनाव न विसरता लिहा. घरात दत्तक आलेले, लग्न करून आलेले, आडनाव बदलून गेलेले, सगळ्यांची नोंद करा. कोणालाही वगळू नका. वाडीवरच्या आणि बाहेरून आलेल्या मुलांच्या घरची माहिती शाळेतल्या बाईंनी आणि सरांनी आस्थेने लिहून घ्यावी. त्यानंतर आडनाव लावायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते लिहून घेतल्याशिवाय पुसू नये.